खोळंब्याची जकात



जकात म्हणजे काय, हे आपल्या लोकांना समजावून सांगावे लागत नाही. शहराच्या वेशीवर मालाची गाडी थांबवायची, पावती फाडायची आणि मग पुढे सोडायची, हा प्रकार आपल्याकडे पिढ्यान्‌पिढ्या चालत आला होता. १ जुलै २०१७ रोजी वस्तू व सेवा कर आला, तेव्हा मुंबईची जकातही संपली. जकातीबद्दल लोक पुष्कळ कुरकूर करीत. पण तिच्यात एक गोष्ट तरी बरी होती. दिलेला पैसा कुठेतरी जमा होई. त्यातून रस्ता होई, दिवाबत्ती होई.

आज मी ज्या जकातीविषयी बोलणार आहे, ती निराळी आहे. ती कोणत्याही कायद्यात लिहिलेली नाही. तिची पावती मिळत नाही. आणि सर्वांत विशेष म्हणजे ती कोणत्याच तिजोरीत जमा होत नाही. देशादेशांच्या सीमेवर आणि बंदरांत माल नुसता उभा राहतो, कागद या टेबलावरून त्या टेबलावर फिरत राहतात, आणि तेवढ्या वेळात जे नुकसान होते, तीच ही जकात. हिला आपण खोळंब्याची जकात म्हणू. जगात ही जकात सर्वांत जड पडते ती गरीब देशांना. आणि गरीब देशांतही ती अखेर कोणाच्या डोक्यावर येऊन बसते, तर शेतकऱ्याच्या.

आता तुम्ही म्हणाल, परदेशी व्यापार ही मोठ्या व्यापाऱ्यांची आणि सरकारांची बाब. त्यात आमच्या बांधावर बसलेल्या माणसाचा काय संबंध? तो संबंध कसा येतो, हे एका देशाच्या उदाहरणावरून पाहू.

आफ्रिका खंडाच्या पूर्व भागात युगांडा नावाचा देश आहे. शिक्षक बंधुभगिनींनी वर्गातला नकाशा काढला, तर व्हिक्टोरिया नावाच्या अफाट सरोवराच्या काठी तो सापडेल. जमीन सुपीक, पाऊस चांगला. तिथले मुख्य नगदी पीक म्हणजे कॉफी, आणि ती पिकवणारे बहुतेक लोक आपल्यासारखेच एकर-दोन एकरवाले. पण या देशाला समुद्र नाही. त्याचे बंदर म्हणजे शेजारच्या केनिया देशातले मोंबासा. युगांडाची राजधानी कंपाला. तिथपासून मोंबासापर्यंतचा रस्ता सुमारे १,१७० किलोमीटर. या मुलखाशी आपला जुना संबंधही आहे. १८९६ ते १९०१ या काळात मोंबासापासून व्हिक्टोरिया सरोवरापर्यंत पहिला लोहमार्ग घातला गेला, तो हिंदुस्थानातून नेलेल्या बत्तीस हजारांच्या आसपास मजुरांच्या हातांनी. त्यांतले सुमारे अडीच हजार तिथेच मेले.

तर या कंपालाच्या शेतकऱ्याची कॉफी जगाच्या बाजारात जाते. तिचा भाव कंपालात ठरत नाही. तिथे मुख्यतः जी रोबस्टा जातीची कॉफी होते, तिचा भाव लंडनच्या बाजारात ठरतो. म्हणजे काय झाले? वरचा भाव बांधलेला. आता मळ्यापासून लंडनपर्यंत जो जो खर्च होईल, तो त्या भावातून वजा होत होत खाली येणार. मालमोटारीचे भाडे वजा. बंदराचे शुल्क वजा. मोटार सीमेवर पाच दिवस उभी राहिली, तर त्या पाच दिवसांचे भाडे, चालकाचा भत्ता आणि अडकलेल्या भांडवलाचे व्याज वजा. व्यापाऱ्याला हे आधीच ठाऊक असते. म्हणून तो माल घेतानाच भाव पाडून घेतो. सगळी वजाबाकी झाल्यावर जे हातावर पडते, ते शेतकऱ्याचे. रांगेत मोटार थांबते. सावकाराचे व्याज थांबत नाही.

येणाऱ्या मालाची गोष्ट याच्या उलट. खत, औषध, पंप, कापड मोंबासाला उतरले, की तिथून पुढे प्रत्येक खोळंब्याचा खर्च किमतीत मिळवला जातो. आणि खताला तर केवळ किमतीचाच प्रश्न नसतो. पेरणी होऊन पाऊस पडून गेल्यावर आलेले खत कितीही स्वस्त असले, तरी त्याचा उपयोग काय? असा हा शेतकरी विकताना वजाबाकीत सापडतो आणि विकत घेताना बेरजेत. दोन्हीकडून मार.

या रस्त्यावर पूर्वी काय होत असे, तेही पाहू. बोटीतून उतरलेला माल युगांडाला जायचा असला, तरी मोंबासात केनियाच्या कचेऱ्यांत त्याची कागदपत्रे होत. वाटेत माल केनियातच विकला गेला तर कर बुडेल, म्हणून हमीची रक्कम किंवा हमीपत्र द्यावे लागे. मग रस्त्यात ठिकठिकाणी वजनकाटे आणि पोलिसांचे नाके. मलाबा या सीमेवरच्या गावी पोचल्यावर आधी केनियाच्या बाजूला थांबून बाहेर पडण्याचे कागद, मग हाकेच्या अंतरावर युगांडाच्या बाजूला पुन्हा रांग लावून आत येण्याचे कागद. त्याच पेट्या, तेच सील, तेच वजन, आणि तीच माहिती पुन्हा नव्या फॉर्मवर. शेवटी कंपालाला जाऊन कराचा हिशोब. मोंबासा ते कंपाला या प्रवासाला सुमारे १८ दिवस लागत, असे त्या भागात सांगितले जाई. अठरा दिवसांत चाके किती दिवस फिरली असतील, याचा विचार करा.

इथे एक गैरसमज दूर केला पाहिजे. आपल्याला वाटते, गरीब देशांत रस्ते वाईट, बंदरे लहान, म्हणून माल उशिरा पोचतो. ते काही अंशी खरेच आहे. पण जागतिक बँकेच्या अभ्यासकांनी २००६ साली १२६ देशांतील माहिती गोळा करून हिशोब मांडला, तेव्हा असे दिसले की, निर्यातीच्या मालाला होणाऱ्या उशिरापैकी रुपयात बारा आणे उशीर हा कागदपत्रे, परवाने, तपासण्या आणि शिक्के यांचा असतो. रस्ते आणि बंदरे यांच्या वाट्याला चारच आणे येतात. त्यांनी आणखी एक गोष्ट दाखवली. माल बोटीत चढण्याआधी एक दिवस जास्त लागला, की त्या देशाचा व्यापार शेकडा एक टक्क्याहून अधिक घटतो. हा आकडा सरसकट मालाचा. लवकर नासणाऱ्या शेतमालाला याच्या कित्येक पट फटका बसतो.

रस्ता बांधायचा तर कोट्यवधी रुपये लागतात, आणि गरीब देशाजवळ तेच नसतात. पण बारा आण्यांचा उशीर जर कागदाचा असेल, तर तो दूर करायला पैशापेक्षा दुसरीच एक गोष्ट जास्त लागते. ती म्हणजे एका कचेरीचा दुसऱ्या कचेरीवर आणि एका देशाचा दुसऱ्या देशावर विश्वास. माझ्या आजच्या बोलण्याचे सार एवढेच आहे.

पूर्व आफ्रिकेने हे करून पाहिले. केनिया, युगांडा आणि टांझानिया या देशांचा एक संघ १९६७ साली झाला होता. तो भांडणात १९७७ साली मोडला. १९९९ च्या नोव्हेंबरात त्यांनी पुन्हा करार केला आणि तो जुलै २००० पासून अमलात आला. २००५ पासून जकातीची एक व्यवस्था सुरू झाली. आणि २०१४ पासून त्यांनी आणखी एक पाऊल टाकले. युगांडाचे सीमाशुल्क अधिकारी सीमेवर वाट पाहत बसण्याऐवजी थेट मोंबासा बंदरात जाऊन बसले. परक्या देशात, परक्या बंदरात! माल बंदरातून हलण्यापूर्वीच त्याचा कर युगांडाकडे भरला जाऊ लागला. कर आधीच मिळाला, मग वाटेत माल पळवला जाईल ही भीती कशाची? संगणकावर केलेली नोंद दोन्ही देशांचे अधिकारी पाहू शकतात. मालपेटीला असे कुलूप लावता येते की ती कुठे आहे आणि कोणी उघडली का, हे कचेरीत बसून कळते. आणि सीमेवर दोनदा थांबण्याऐवजी एकदाच थांबायचे. ज्या देशात शिरायचे त्याच बाजूला दोन्ही देशांचे अधिकारी एका छपराखाली बसलेले असतात. अशा तऱ्हेचे आफ्रिकेतले पहिले ठाणे २००९ च्या डिसेंबरात झांबिया आणि झिंबाब्वे यांच्या सीमेवर, झांबेझी नदीकाठच्या चिरुंडू इथे सुरू झाले होते.

परिणाम काय झाला? त्या प्रदेशातून जे आकडे प्रसिद्ध झाले, त्यांप्रमाणे अठरा दिवसांचा प्रवास चार-पाच दिवसांवर आला. रस्ता बहुतेक तोच, मोटारी त्याच, चालकही तेच. बदलली ती कागदाची वाट.

मात्र सगळे गोड झाले असे समजू नका. जे विश्वासावर उभे असते, ते विश्वास डळमळला की हलते. २०२० साली महामारीच्या काळात त्याच मलाबाच्या सीमेवर प्रत्येक चालकाची तपासणी सुरू झाली. त्याचा निकाल येईपर्यंत मोटारी उभ्या. मैलोन्‌मैल रांग लागली, चालक दिवसचे दिवस मोटारीतच निजले. तपासणी जरूर हवी होती. पण दोन देशांनी ती कुठे आणि कोणी करायची हे आधी ठरवले नाही, त्याची किंमत रांगेतल्या माणसाने दिली.

आता याच सीमेवरची आणखी एक बाजू सांगतो, कारण मोठ्या परिषदांत तिच्याकडे कमी लक्ष जाते. मलाबाच्या दक्षिणेला बुसिया नावाचे गाव आहे. गाव एकच, पण मधून सीमा गेलेली. तिथे शेकडो बायका डोक्यावर किंवा सायकलवर मका, कडधान्य, सुकी मासळी घेऊन रोज सीमा ओलांडतात. आपल्याकडच्या आठवडी बाजारात जाणाऱ्या बायकांसारख्याच. या बाईला सीमाशुल्काचा भला मोठा फॉर्म भरा म्हणून सांगितले, तर ती काय करणार? ती आडवाटेने जाते. आडवाटेवर तिला कोणीही अडवतो, लुबाडतो, त्रास देतो, आणि तक्रार करायची तर ती स्वतःच कायद्याबाहेर उभी. म्हणून पूर्व आफ्रिकेच्या संघाने २,००० डॉलरपर्यंतच्या मालासाठी एक साधा दाखला ठेवला आहे. माल संघातल्याच देशात पिकला, एवढे त्यावर लिहून मिळाले की त्याला आयातकर नाही. अडचण अशी की, असा दाखला आहे हे पुष्कळ जणींना माहीतच नसते. नियम सोपा करणे हे अर्धे काम. तो ज्याच्यासाठी केला त्याच्या कानावर घालणे हे उरलेले अर्धे.

हा प्रश्न केवळ पूर्व आफ्रिकेचा नाही. समुद्र नसलेले असे ३२ विकसनशील देश जगात आहेत. ज्यांना समुद्र आहे, त्यांच्याही बंदरांत कागदांचे ढीग असतातच. १९९४ साली संयुक्त राष्ट्रांनी अमेरिकेतल्या कोलंबस या शहरात व्यापार सुरळीत करण्याच्या प्रश्नावर खास परिषद भरवली. जिनीव्हात व्यापार आणि विकास यांसाठी संयुक्त राष्ट्रांची जी संस्था आहे, तिने १९८१ पासून सीमाशुल्काचे काम संगणकावर करण्याची एक पद्धत तयार करीत आणली आणि ती पुष्कळ गरीब देशांना बसवून दिली. सिंगापूरने १ जानेवारी १९८९ पासून व्यापाराचे सगळे परवाने एकाच संगणकी खिडकीतून द्यायला सुरुवात केली; ज्या परवान्याला पूर्वी दोन ते चार दिवस लागत, तो काही मिनिटांत मिळू लागला. पण नुसता संगणक आणला म्हणजे काम झाले, असे नाही. कित्येक ठिकाणी कागदही भरा आणि संगणकातही भरा, असा प्रकार झाला. म्हणजे एका रांगेच्या दोन रांगा! आधी नको असलेला कागद फाडावा लागतो, मग उरलेला संगणकात घालावा लागतो.

पुढे २०१३ च्या डिसेंबरात बाली इथे जागतिक व्यापार संघटनेच्या देशांनी व्यापार सुलभतेचा करार केला, आणि २२ फेब्रुवारी २०१७ पासून तो अमलात आला. भारताने २०१६ साली त्याला मान्यता दिली. या करारातली काही कलमे आपल्या कामाची आहेत. नियम आणि शुल्क सर्वांना वाचता येतील असे प्रसिद्ध करावे. माल येण्यापूर्वीच कागद तपासायला घ्यावेत. भाजीपाला, फळे असा नाशवंत माल असेल तर त्याला आधी हात घालावा. आणि शक्य तिथे सर्व खात्यांची मिळून एकच खिडकी असावी. गरीब देशांच्या दृष्टीने यातली महत्त्वाची गोष्ट निराळीच आहे. ज्या देशाजवळ साधने नाहीत, त्याला असे म्हणता येते की, अमुक गोष्ट मी करीन, पण मदत आणि शिक्षण मिळाल्यावर. करार पुरता पाळला गेला तर व्यापाराचा खर्च सरासरीने शेकडा १४ टक्क्यांच्या आसपास घटेल, असा त्या संघटनेचाच २०१५ चा अंदाज आहे.

काही देशांना याची भीतीही वाटते, आणि ती अगदीच निराधार नाही. गरीब देशांच्या तिजोरीत सीमेवरच्या करांचा वाटा मोठा असतो. दार सताड उघडले तर तो बुडेल काय? शिवाय दार सोपे झाले की बाहेरचा माल आधी आत येतो, आपला माल नंतर बाहेर जातो. हे खरे आहे. पण दार किती उघडायचे हा प्रश्न वेगळा आणि दाराचा कडीकोयंडा गंजलेला ठेवायचा की नाही हा प्रश्न वेगळा. कर किती घ्यायचा ते सरकारने ठरवावे. पण जो घ्यायचा तो एका दिवसात घ्यावा, दहा दिवसांत नको. कर भरला जातो तो कर भरण्याच्या ठिकाणी. रांग जितकी लांब, तितकी चिरीमिरीला जागा जास्त, आणि चिरीमिरी तर कोणत्याच सरकारच्या खजिन्यात जात नाही.

आपल्याकडे या बाबतीत काय घडले, ते नाशिक-सांगलीकडच्या द्राक्षबागाइतदारांना चांगले ठाऊक आहे. २००३ साली युरोपात आपल्या द्राक्षांत औषधांचे अवशेष सापडले आणि सगळ्या मालाकडेच संशयाने पाहिले जाऊ लागले. संशय आला की तपासणी आली, तपासणी आली की खोळंबा आला. त्यातून पुढे बागेची नोंदणी, प्रयोगशाळेचा अहवाल आणि पिकाच्या आरोग्याचा दाखला एका संगणकी साखळीत ओवण्याची व्यवस्था २००६-०७ च्या हंगामाच्या सुमारास उभी राहिली. पेटी कोणत्या बागेतली, हे परदेशातल्या खरेदीदाराला कळू लागले. १९८९ साली सुरू झालेल्या न्हावा-शेवा बंदरातून हा माल थंड पेट्यांतून जातो. २०१० साली पुन्हा एका औषधाच्या अवशेषावरून माल अडला आणि बागाइतदारांचे मोठे नुकसान झाले. म्हणजे पुन्हा तोच धडा: जिथे भरवसा, तिथे वाट मोकळी, भरवसा गेला की दहा शिक्के मारूनही माल पुढे सरकत नाही. २०२३ च्या अखेरीपासून तांबड्या समुद्रात जहाजांवर हल्ले होऊ लागले, तेव्हा कितीतरी बोटी आफ्रिकेला वळसा घालून गेल्या आणि प्रवासात दहा-पंधरा दिवसांची भर पडली. समुद्रावरची संकटे आपल्या हातात नसतात. म्हणूनच जमिनीवरचा जो वेळ आपल्या हातात आहे, तो वाया घालवणे परवडत नाही.

आणि एका ठिकाणी तर दाराची कडी आपल्याच हातात आहे. नेपाळला समुद्र नाही. त्याचा माल कलकत्ता, हल्दिया आणि विशाखापट्टणम या आपल्या बंदरांतून जातो. २०१५ च्या सप्टेंबरापासून काही महिने त्या सीमेवरची वाहतूक अडली, तेव्हा काठमांडूत चुलीला गॅस मिळेना, औषधांची टंचाई झाली. कारणांबद्दल दोन्हीकडे निरनिराळे बोलले गेले. पण रांगेतल्या माणसाला कारण कोणते का असेना, चूल तर विझलेलीच. २०१८ च्या एप्रिलात रक्सौल-बीरगंजच्या नाक्यावर नेपाळच्या बाजूचे सर्व खात्यांचे एकत्रित ठाणे सुरू झाले, हे चांगले झाले. मोंबासाने युगांडाशी जसे वागावे असे आपल्याला वाटते, तसेच कलकत्त्याने काठमांडूशी वागावे.

शिक्षक बंधुभगिनींना एक सुचवावेसे वाटते. मुलांना नकाशावर कंपाला ते मोंबासा अशी रेघ काढायला सांगा, आणि त्या रेघेवर माल कुठे कुठे थांबत असेल ते विचारा. मग त्यांना म्हणावे, आपल्या गावातला कांदा, द्राक्ष किंवा डाळिंब परदेशी जाताना किती हातांतून जाते, याची यादी घरी विचारून आणा. भूगोल, हिशोब आणि नागरिकशास्त्र हे तिन्ही धडे त्या एका यादीत होतील.

आणि शेतकरी बंधूंना एवढेच सांगायचे आहे. तुमच्या मालाला निर्यातीचा कमी भाव सांगितला गेला, तर केवळ “बाजार पडला” एवढ्यावर गप्प बसू नका. माल किती दिवसांत बोटीत चढतो, कोणता दाखला कुठे अडतो, कोणती तपासणी दोनदा होते, हे तुमच्या संस्थेच्या सभेत विचारा आणि लिहून मागा. सरकारने बसवलेली जकात निदान पावतीवर दिसत होती. ही खोळंब्याची जकात दिसत नाही, म्हणून ती कोणी माफही करीत नाही. तिचा आकडा आधी कागदावर आणला पाहिजे.